भरपगारी रजा घेऊन युगांडातल्या रुग्णालयात यंत्रदुरुस्तीला जायचंय: रजा, व्हिसा, हत्यारं, सगळंच विचारतो

वर्धारोड_बायोमेडिकल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या खासगी रुग्णालयात बायोमेडिकल विभागात नोकरी आहे, आठवड्याला सहा दिवस काम. आमच्याकडे स्वयंसेवेसाठी वर्षाला ५ दिवस भरपगारी 'सेवा रजा' मिळते, शिवाय १६ पीएल (प्रिव्हिलेज लीव्ह, साठणारी भरपगारी रजा) शिल्लक आहेत. युगांडातल्या एका धर्मादाय रुग्णालयानं बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करायला बोलावलंय. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन, पेशंट मॉनिटर, एवढं त्यांनी कळवलंय. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट माझं, मानधन काही नाही.

सेवा रजा आणि पीएल जोडून घेता येते का? मधले रविवार रजेत धरतात का? टुरिस्ट व्हिसावर चालतं का? हत्यारं इथून न्यावीत की तिथे घ्यावीत? आणि दोन-सव्वादोन आठवड्यांत नेमकं किती काम होतं? जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं.

---

रजेचा_हिशेब

आधी दोन रजा वेगळ्या करून बघा. पीएल हा कायद्यानं मिळालेला हक्क आहे. सेवा रजा कोणत्याही कायद्यात नाही, ती कंपनीच्या धोरणातली सवलत आहे. धोरणात 'व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार' असे शब्द असतील तर ती ऐन वेळी रद्दही होऊ शकते. म्हणून सेवा रजेची लेखी मंजुरी हातात येईपर्यंत तिकीट काढू नका.

खासगी रुग्णालय महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ खाली येतं. त्यात ८ दिवस किरकोळ रजा आहे, आणि वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठते. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांतले वाचक असतील तर त्यांच्यासाठी: कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ७९ मध्येही प्रमाण तेच होतं, पण साठवण ३० दिवसांची, अर्ज किमान १५ दिवस आधी आणि वर्षात तीनदाच. (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झालीय, तिच्यात २४० ऐवजी १८० दिवस आहेत.)

मधल्या रविवारांचं म्हणाल तर कलम ७९ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं, आणि नव्या संहितेतही तेच आहे, की रजेच्या मध्ये किंवा दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या रजेत धरायच्या नाहीत. कारखान्यातल्या कामगारांच्या वार्षिक रजेला 'सँडविच' नियम लावणं म्हणूनच चुकीचं आहे. रुग्णालयाच्या बाबतीत कंपनीचे लेखी रजा-नियम बघा, आणि एचआरला ईमेलवर एकच सरळ प्रश्न विचारा: 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या खात्यातून किती दिवस वजा होतील?' आकडा लेखी आला की वाद उरत नाही.

रविवार धरत नसतील असं समजून हिशेब करू. ५ सेवा रजा + ९ पीएल = १४ कामाचे दिवस. शनिवारची पाळी संपवून निघालात तर रविवार, सोमवार ते शनिवार, रविवार, सोमवार ते शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार असे १७ दिवस मिळतात, बुधवारी हजर. त्यातले जाण्या-येण्याचे चार दिवस, पोहोचल्यावरचा अर्धा-एक दिवस आणि शेवटचा हस्तांतरणाचा दिवस काढा. हातात दहा-अकरा दिवस उरतात. ७ पीएल शिल्लक राहतात, त्या राहू द्या. का, ते खाली कुणी लसीबद्दल लिहील तेव्हा कळेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मंजुरीच्या पत्रात तुम्ही रजेवर आहात की कामावर, हे स्वच्छ लिहून घ्या. कामावर पाठवलं असेल तर अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी कंपनीवर येते. रजेवर असाल तर ती येत नाही, आणि कंपनीचा गट-मेडिक्लेम बहुतेक वेळा भारतापुरताच असतो. गट-अपघात विमा पुष्कळदा जगभर आणि चोवीस तास लागू असतो, तेव्हा पॉलिसीची प्रत मागून 'भौगोलिक मर्यादा' हे कलम वाचा. बाहेरून प्रवास विमा घेताना 'हातानं करायचं काम' वगळलेलं नाही ना, ते बघाच. फिरायला जाणाऱ्यांच्या पॉलिसीत यंत्र उघडून शॉक बसला तर दावा नाकारण्याची सोय केलेली असते.

नियुक्तीपत्रात 'अन्यत्र काम करणार नाही' असं कलम असतंच. मानधन नसलं तरी ते लागू होऊ शकतं, म्हणून संस्थेचं नाव, देश, तारखा आणि 'विनामोबदला' हा शब्द असलेलं ना-हरकत पत्र घ्या. कंपनीचे सर्व्हिस पासवर्ड, सॉफ्टवेअर किंवा करारातून मिळालेली मॅन्युअल्स तिथे वापरू नका. ही गोष्ट पुढे फार महागात पडू शकते.

आणखी एक. कधीकधी एचआर उत्साहात सांगतं की तिकिटाचा खर्च सीएसआरमध्ये (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) टाकू. तसं होत नाही. २२ जानेवारी २०२१ पासूनच्या सुधारित नियमांनुसार भारताबाहेर केलेलं काम सीएसआर धरलं जात नाही, अपवाद फक्त देशाचं वा राज्याचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. तिकीट द्यायचंच असेल तर कंपनीनं ते साध्या खर्चात दाखवावं. हे आधीच बोलून घ्या. नाहीतर लेखा विभाग शेवटच्या आठवड्यात फाइल परत पाठवतो.

---

पासपोर्ट_आणि_लस

टुरिस्ट व्हिसावर जाऊ नका. बहुतेक देशांत विनामोबदला काम हेसुद्धा 'काम'च समजतात. विमानतळावर 'रुग्णालयात मशीन दुरुस्त करायला आलोय' असं खरं सांगितलं तर अडवतील, आणि खोटं सांगून शिरलात तर अडचण तुमच्याइतकीच बोलावणाऱ्या संस्थेचीही होते. युगांडासाठी यजमान रुग्णालयानंच तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे तुमच्या नावानं स्पेशल पाससाठी अर्ज करायचा असतो. त्यांना पासपोर्टची प्रत, शिक्षणाची व अनुभवाची प्रमाणपत्रं, कंपनीचं ना-हरकत पत्र आणि लागल्यास पोलीस पडताळणीचा दाखला पाठवा. 'इथे आल्यावर बघू' असं संस्था म्हणाली तर थांबा.

तुलनेसाठी सांगतो. ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते. थायलंडमध्ये विनावेतन कामालाही वर्क परमिट लागतं. नेपाळला भारतीयांना व्हिसा नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं (१५ ते ६५ वयाच्यांना आधार चालत नाही), पण डॉक्टरांना तिथल्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. एका देशाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

आता लस. युगांडात शिरायला पीतज्वराची लस आणि पिवळं कार्ड लागतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० व्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. आरोग्य मंत्रालयाच्या यादीतल्या केंद्रातच घ्यावी लागते, तिथे दिवस ठरलेले असतात आणि कुपीत अनेक डोस असल्यानं माणसं जमवून लस देतात. म्हणून निघण्याच्या किमान महिनाभर आधी नोंदणी करा. कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं, शिक्का आणि बॅच क्रमांक तिथेच तपासून घ्या.

परतताना हे कार्ड जास्त महत्त्वाचं ठरतं. ग्राह्य कार्डाशिवाय भारतात उतरलात तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, भारतीय नागरिक असलात तरी. वर रजेच्या हिशेबात ७ पीएल राखून ठेवायला सांगितलंय ते यासाठी. कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, फोटोवर विसंबू नका.

हिवताप युगांडात बारमाही आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी ठरवा. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या १-२ दिवस आधी सुरू होऊन परतल्यावर ७ दिवस घ्यायची, डॉक्सिसायक्लिन परतल्यावर ४ आठवडे. बरेच जण घरी आल्या आल्या गोळ्या सोडतात आणि मग ताप येतो. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, ते झाले नसतील तर आजच सुरू करा. सक्शन मशीन रुग्णाचं रक्त आणि स्राव ओढून घेतं, ते उघडणाऱ्याला ही लस हवीच.

---

दुरुस्ती_पहिली

मूळ कामाबद्दल लिहितो. दहा दिवसांत रुग्णालय सुधारत नाही. बंद पडलेली काही यंत्रं चालू होतात. तुम्ही निघाल्यावर ती चालू राहावीत असं वाटत असेल तर प्रत्येक दुरुस्ती तिथल्या तंत्रज्ञाच्या हातून व्हायला हवी. तुम्ही पाना धरायचा नाही, फक्त दाखवायचं. त्या रुग्णालयात तंत्रज्ञच नसेल तर जाण्याआधी विचारा, कुणाला नेमणार? इलेक्ट्रिशियन चालेल, जनरेटर बघणारा माणूसही चालेल. माणूस नाही असं उत्तर आलं तर तारीख पुढे ढकला. असं कडक लिहितोय कारण गरीब देशांतली वैद्यकीय उपकरणं मोजणाऱ्या २०११ च्या एका अभ्यासात सुमारे ४० टक्के बंद आढळली होती, आणि बंद पडण्यामागे प्रशिक्षण, उपकरणांचं व्यवस्थापन आणि पायाभूत सोयी नसणं ही मोठी कारणं होती.

'कॉन्सन्ट्रेटर, सक्शन, मॉनिटर' एवढ्या माहितीवर सुटे भाग घेता येत नाहीत. प्रत्येक यंत्राचे पाच फोटो मागवा: पुढून, मागून, नेमप्लेट जवळून, प्लग, आणि चालू केल्यावर दिसणारा दिवा किंवा एरर कोड. सोबत एक आठवडाभर दिवसातून तीनदा मोजलेला व्होल्टेज. नेमप्लेटवरचा व्होल्ट आणि हर्ट्झ वाचता आलाच पाहिजे. ही यादी निघण्याच्या सहा आठवडे आधी हातात हवी, नाहीतर भाग मिळत नाहीत.

कॉन्सन्ट्रेटरचा क्रम असा ठेवा. बाहेरची जाळी साबणपाण्यानं धुवून पूर्ण सुकवा, आतला इनटेक फिल्टर बघा. ५ लिटर प्रवाहावर १५ मिनिटं चालवून ऑक्सिजनची शुद्धता मोजा. अपेक्षा ९३ टक्के, ३ इकडे-तिकडे. ८२ च्या खाली गेलं की यंत्र रुग्णाला लावायचं नाही. मग २ लिटरवर मोजा. २ लिटरवर ९३ आणि ५ लिटरवर ७० येत असेल तर एकतर झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे) भरलेल्या नळकांड्यांची ताकद संपलीय, नाहीतर कॉम्प्रेसर कमी दाब देतोय. दाबमापक लावा. दाब मॅन्युअलप्रमाणे असेल तर दोष झिओलाइटचा, कमी असेल तर आधी साबणाच्या फेसानं गळती शोधा, मग कॉम्प्रेसरचे कप सील बघा. दोन नळकांड्यांमध्ये हवा आलटूनपालटून फिरवणारा व्हॉल्व्ह अडकला तर 'फुस्स' आवाजाची लय बिघडते, ती ऐकू येते.

झिओलाइट ओलावा ओढतो. यंत्र महिनोन्महिने कोपऱ्यात पडून राहिलं की दमट हवेनं तो निकामी होतो, म्हणून न वापरलेलं नवं कोरं यंत्रही शुद्धता देत नाही. नवीन नळकांडी बसवताना तोंडाची बुचं अगदी शेवटच्या क्षणी काढा. स्टोअरमधली यंत्रं महिन्यातून काही तास चालवायची सवय तिथे लावून या.

सक्शन मशीन उघडण्याआधी बाटली आणि नळ्या ०.५ टक्के क्लोरीनच्या द्रावणात १० मिनिटं बुडवा. निम्म्या तक्रारी झाकणाच्या गॅस्केटच्या, तडकलेल्या नळीच्या किंवा भिजलेल्या फिल्टरच्या असतात, पंप चांगला असतो. बाटलीतला तरंगता झडपबॉल अडकला तरी ओढ जाते.

मॉनिटरमध्ये बहुधा बोर्ड ठीक असतो, ऑक्सिमीटरचा प्रोब आणि बीपीचा कफ गेलेला असतो. प्रोब नेताना फक्त कनेक्टर जुळतो म्हणून घेऊ नका. नऊ पिनांचा कनेक्टर दिसायला सारखा असतो, आतली रचना वेगळी असली की आकडाच येत नाही. मॉनिटरचं मॉडेल आणि प्रोबचा भाग-क्रमांक दोन्ही मिळवा.

दुरुस्तीनंतर अर्थिंग तपासल्याशिवाय यंत्र वॉर्डात जाऊ देऊ नका. वायरसकट संरक्षक अर्थिंगचा रोध ०.३ ओहमच्या आत हवा. साध्या मल्टिमीटरवर एवढा छोटा रोध भरवशाचा येत नाही, किमान २०० मिलिअँपिअर करंट देणारा टेस्टर लागतो. आणि भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंगही बघा. यंत्र निर्दोष आणि सॉकेट बिनअर्थिंगचं, हे नेहमी आढळतं.

---

वर्धारोड_बायोमेडिकल

फार उपयोगी. आजच फोटो मागवले. पहिल्या यादीत ११ कॉन्सन्ट्रेटर आहेत, त्यातले ७ अमेरिकेतून दान आलेले, नेमप्लेटवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन जाऊ का? आणि हत्यारांचं काय?

---

दुरुस्ती_पहिली

थांबा, नुसता ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. युगांडात २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ तेच राहतात. ६० हर्ट्झची मोटर ५० वर चालवली की तिचा वेग सुमारे १७ टक्क्यांनी घटतो. कॉम्प्रेसर हवा कमी ढकलतो, दाब भरत नाही, शुद्धता पडते आणि थंड करणारा पंखाही मंद फिरल्यानं मोटर तापते. यंत्र 'चालू' दिसतं आणि ऑक्सिजन पुरेसा देत नाही, हा सगळ्यात वाईट प्रकार. नेमप्लेटवर ५०/६० असेल तरच ट्रान्सफॉर्मर लावा, तोही १००० व्हीएचा. चालू होताना मोटर नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढते, म्हणून ५०० चा घेऊ नका.

फक्त ६० लिहिलं असेल तर दोन मार्ग. बॅटरीवरचा ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचा शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर, पण तो चालवायला तिथे माणूस आणि बॅटरी हवी. किंवा त्याच मॉडेलची २३० व्होल्टची यंत्रं तिथे असतील तर या सातांचे व्हॉल्व्ह, फिल्टर आणि चांगली निघालेली झिओलाइटची नळकांडी तिकडे वापरा. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. आधी सातही यंत्रांचे फ्यूज आणि व्होल्टेजची अचानक उसळी अडवणारे व्हॅरिस्टर बघा, कारण कुणीतरी ती थेट २४० ला लावून पाहिलेली असण्याची शक्यता दाट आहे.

हत्यारं: ऑक्सिजन अ‍ॅनालायझर (अल्ट्रासॉनिक प्रकारचा असेल तर तो कॉन्सन्ट्रेटर तपासायला पुरेसा, सिलिंडरला वापरू नका), दाबमापक आणि जोडण्या, मल्टिमीटर, टॉर्क्स आणि अ‍ॅलन की, विजेवरचा सोल्डरिंग आयर्न, झिप टाय, टेफ्लॉन टेप, सिलिकॉन नळी ६ आणि ८ मिलिमीटरची. सगळं चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत स्क्रूड्रायव्हर अडतात. सुटी लिथियम बॅटरी मात्र हातातल्याच बॅगेत. ब्यूटेन गॅसचा आयर्न, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल विमानात नेऊ नका, तिथे घ्या. प्लग तिथे ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचे. अ‍ॅडॉप्टरांपेक्षा १०-१२ प्लगटॉप आणि ३ व ५ अँपिअरचे फ्यूज न्या, वायरीला कायमचे बसवून टाका.

महागडी मोजमापयंत्रं निघताना विमानतळावर कस्टमला दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, अनुक्रमांकासकट. नाहीतर परतताना तीच वस्तू आयात समजून शुल्क मागतात. मुंबई किंवा दिल्लीहून आंतरराष्ट्रीय विमान असेल तर हे तिथे होईल, त्यासाठी वेळ ठेवा. नागपूरचं आणि पुढचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा.

---

कोराडीकर

प्रश्नकर्त्याला लागू नाही, पण नागपुरात वेकोलि, मॉइल, महाजनको या सरकारी कंपन्यांतली आणि सरकारी खात्यांतली पुष्कळ माणसं हे वाचतील म्हणून लिहितो. एफसीआरए २०१० (परदेशी योगदान नियमन कायदा) चं कलम ६ बघा. सरकारी नोकर, तसंच सरकारी मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या महामंडळांचे कर्मचारी यांना परदेशी संस्थेचं 'आतिथ्य' घ्यायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. आतिथ्य म्हणजे प्रवासखर्च, फुकट राहणं, जेवण, वाहन. रजेवर असलात तरी हे लागू. 'मानधन घेत नाही' म्हणून सुटका होत नाही, कारण राहणं-जेवण तेच देणार. अर्ज ऑनलाइन, एफसी-२ नमुन्यात, साधारणपणे निघण्याच्या दोन आठवडे आधी पोहोचायला हवा. शिवाय खात्याची परदेशगमनाची परवानगी वेगळी, ती आधी. दोन्ही फाइली एकदमच सुरू करा. खोलीभाडं आणि जेवण स्वतःच्या खिशातून देणार असाल तर पावत्या जपून ठेवा.

---

सदर_नागपूर

रजा कमी असणाऱ्यांसाठी इतर वाटा. यूएन व्हॉलंटियर्सची ऑनलाइन स्वयंसेवा घरूनच असते, आठवड्याला २० तासांपर्यंत आणि एका कामाला १२ आठवड्यांपर्यंत, त्यासाठी रजा लागतच नाही. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्समध्ये बहुतेक पदांना पहिली नेमणूक साधारण ९ ते १२ महिन्यांची, पीएलमध्ये बसत नाही. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटमधून व्यवसाय प्रशिक्षण पथक जातं. त्या प्रकल्पाचं अंदाजपत्रक किमान ३०,००० डॉलर लागतं आणि दोन्ही देशांतले क्लब हवेत, म्हणजे तयारी वर्षभराची. नागपूर डिस्ट्रिक्ट ३०३० मध्ये येतं, स्थानिक क्लबकडे चौकशी करा. परदेशी संस्थेला स्वतः दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०जी ची सूट मिळत नाही, तेही लक्षात असू द्या.

---

वर्धारोड_बायोमेडिकल

एचआरकडे तारखांचा ईमेल गेला, लसीची नोंदणी उद्या करतो. यजमानांनी एका इलेक्ट्रिशियनचं नाव कळवलंय, पूर्ण वेळ देतो म्हणालेत. परतल्यावर त्यांच्याशी संपर्क कसा ठेवावा?

---

दुरुस्ती_पहिली

इलेक्ट्रिशियन मिळाला हे फार बरं झालं. आतापासूनच त्यांच्याशी दर आठवड्याला अर्धा तास व्हिडिओवर बोला. कॉन्सन्ट्रेटरचं कव्हर त्यांना आत्ताच उघडायला सांगा, म्हणजे तुम्ही पोहोचाल तेव्हा पहिला दिवस ओळखीत जाणार नाही. तिथे असताना प्रत्येक यंत्रामागे प्लास्टिकच्या पाकिटात एक कार्ड चिकटवा: तारीख, काय बदललं, ५ लिटरवरची शुद्धता, पुढची तपासणी कधी. अ‍ॅनालायझर त्यांच्याकडेच ठेवून या, परत आणू नका. परतल्यावर सहा महिने, महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांनी सगळ्या यंत्रांची शुद्धता मोजून कार्डांचे फोटो पाठवायचे. ज्याचा आकडा ८५ च्या खाली सरकलाय ते यंत्र बंद पडायच्या आतच उघडायचं, भाग इथून कुरिअरनं पाठवायचा. कुरिअरसोबत रुग्णालयाचं पत्र आणि भागाची किंमत लिहिलेलं इनव्हॉइस जोडा, त्याशिवाय पार्सल तिथल्या कस्टममध्ये पडून राहतं.